जहाज चालेल, विमान नको

"मला पाण्याची भीती नाही हो. जावई आत्तापासूनच जहाज लागेल म्हणून गोळ्या जमवतोय, मी त्याला हसते. पण त्या जहाजापर्यंत पोचायचं कसं?"

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताईंनी हे सांगून टाकलं. वय ५८, शाळेतून निवृत्त. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मुलीने घरातल्या नऊ जणांसाठी भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ ठरवली होती. रोमसाठीचं बंदर म्हणजे चिवितावेक्किया. तिथून जिनोआ, मार्सेय, बार्सिलोना, पालेर्मो आणि परत. पैसे भरून झालेले, हातात अकरा आठवडे.

सुट्ट्यांच्या आधी हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: घरचे सगळे चाललेत, मी विमानात घाबरून तमाशा केला तर सगळ्यांची सहल बिघडेल, त्यापेक्षा मी घरीच राहिलेलं बरं नाही का? ताईंनीही तेच विचारलं. वर "तुम्ही फक्त मुलीला समजावून सांगा, डॉक्टर," अशी विनंती. मी डॉक्टर नाही हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगत राहिले, त्याचा काही उपयोग झाला नाही.

ताई चौदा वर्षांपूर्वी विमानात शेवटच्या बसल्या होत्या. उड्डाण झालं, विमान वर चढत होतं, आणि मिनिटभरात इंजिनांचा आवाज एकदम खाली आला. पोटात खड्डा पडला. "पडतंय!" असं त्या मोठ्याने ओरडल्या. पुढच्या रांगेतल्या दोन मुली मागे वळून हसल्या. विमान व्यवस्थित पोचलं. पण त्या हसणाऱ्या मुलींचे चेहरे सांगताना ताईंचा आवाज जसा बदलला, तसा विमान पडण्याबद्दल बोलताना बदलला नव्हता. मी वहीत एवढंच टिपून ठेवलं.

तो आवाज का पडतो हे मी त्यांना सांगितलं. उड्डाणासाठी इंजिनं जास्त जोर लावतात. साधारण हजार-दीड हजार फुटांवर गेल्यावर तो जोर ठरल्याप्रमाणे कमी केला जातो. विमान वरच चढत असतं, फक्त वेग वाढण्याचा दर कमी होतो, आणि आपला आतला कान त्याचा अर्थ 'खाली चाललोय' असा लावतो. ताईंनी ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या भेटीत पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. चौथ्यांदा मी नकार दिला.

त्यांना राग आला, आणि तो साहजिक होता. पण एव्हाना घरात काय चाललंय ते मला कळलं होतं. मुलगी रोज "आई, रस्त्यापेक्षा विमान सुरक्षित असतं" म्हणायची, यजमान कुठून कुठून व्हिडिओ शोधून पाठवायचे. प्रत्येक वेळी ताईंना तासभर बरं वाटायचं, मग शंका परत, आणि परत फोन. माहिती एकदाच लागते. तीच माहिती दहाव्यांदा मागितली जाते तेव्हा माणसाला माहिती नको असते, त्या क्षणापुरती सुटका हवी असते. भीती या सुटकेवरच पोसली जाते. तिकीट रद्द केल्यावर छातीवरचं जे ओझं उतरतं ना, त्यासारखं गोड दुसरं काही नसतं, आणि पुढच्या वेळी तिकीट काढणं त्यामुळेच अवघड होतं. डेनिस बर्गकॅम्प हा डच फुटबॉलपटू १९९४ च्या विश्वचषकानंतर विमानात बसायचा बंद झाला. आर्सेनलसारख्या क्लबने त्याचा तो नियम मान्य केला, आणि युरोपातले परक्या मैदानांवरचे कितीतरी सामने त्याच्याविना झाले. त्याच्यासारख्या खेळाडूलाही ही सोय स्वस्तात पडली नाही.

मग आम्ही ताईंच्या काळज्यांचे दोन गठ्ठे केले. काही काळज्यांवर करण्यासारखं काही असतं. "विमान उशिरा पोचलं तर जहाज निघून जाईल" ही त्यातली, आणि ती अगदी खरी. क्रूझचं जहाज कुणासाठी थांबत नाही, सुटायच्या बऱ्याच आधी चढणं बंद होतं. चुकलं तर पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं. आणि रोमच्या विमानतळापासून चिवितावेक्किया साठेक किलोमीटर लांब. यावर ध्यानधारणा कशाला करायची? एक दिवस आधी पोचायचं, झालं. मुलीने तिकिटं बदलली. औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत, कारण धक्क्यावर दिलेलं मोठं सामान खोलीत यायला काही तास जातात. हा गठ्ठा अर्ध्या तासात संपला.

दुसऱ्या गठ्ठ्यात एकच गोष्ट उरली. "मी ओरडेन, आणि सगळे बघतील."

यावर उपाय म्हणजे त्या भीतीच्या जवळ टप्प्याटप्प्याने जाणं. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५८ मध्ये भीतीच्या उतरंडीची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. आज आम्ही ती बरीच वेगळी वापरतो, पण शिडी तीच. शून्य ते शंभर असे भीतीचे गुण द्यायचे. बॅग भरणं ३०, हेडफोनवर उड्डाणाचा आवाज ऐकणं ५५, तासाभराचं विमान ८५. "आणि लोकांसमोर ओरडणं?" मी विचारलं. "शंभर."

म्हणून सुरुवात तिथूनच केली. एका दुपारी ताईंनी माझ्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून, "पडतंय!" असं ओरडून दाखवलं. बाहेर दोन जण बसले होते. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, तिसऱ्यांदा चांगला खणखणीत निघाला, वर्गातला. बाहेरच्या एका गृहस्थांनी डोकावून "काय पडलं?" असं विचारलं आणि ताई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी शंभरचे साठ झाले.

शरीराच्या लक्षणांवरही काम केलं. बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा, नाक चिमटीत धरून. छाती धडधडते, कोंडल्यासारखं होतं, आणि नंतर आपोआप उतरतं. मुद्दाम जोरात श्वास घेतले तर बोटांना मुंग्या येतात, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ताईंना वाटायचं मुंग्या म्हणजे झटका. घाबरण्याची लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि ओसरते, हे त्यांनी खुर्चीत बसून सहा वेळा अनुभवलं. (ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं. ताईंची तपासणी झाली होती.)

गोळीचा विषय निघालाच. त्यांच्या डॉक्टरांनी प्रवासापुरती एक शांत करणारी गोळी लिहून दिली होती. विल्हेल्म आणि रॉथ या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी सांगितला. विमानाची भीती असलेल्या २८ स्त्रियांपैकी काहींना अल्प्राझोलाम हे असंच शांत करणारं औषध दिलं, काहींना नुसती खोटी गोळी. पहिल्या उड्डाणात औषधवाल्यांना कमी त्रास झाला. आठवड्याने दोन्ही गट गोळीशिवाय उडाले, तेव्हा मात्र औषधवाल्या गटातच घबराटीचे झटके कितीतरी जास्त आले. मी गोळी बंद करायला सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. ताई त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्या आणि ती न घेण्याचं दोघांनी मिळून ठरवलं.

सातव्या आठवड्यात मुलीबरोबर तासाभराचं विमान ठरलं. ताई सुरक्षा तपासणीच्या रांगेतून परत फिरल्या. घरी जाऊन गाढ झोपल्या. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "ती तुमची सुटका, डॉक्टर. फार गोड लागली." मी त्यांना दोष दिला नाही, नवं तिकीट काढायला सांगितलं. दहा दिवसांनी त्या बसल्या. इंजिनांचा आवाज पडला तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरून त्या मुलीला म्हणाल्या, "हजार फूट झाले वाटतं."

मुलीची तालीम वेगळी घ्यावी लागली. दर पाच मिनिटांनी "आई, ठीक आहेस ना?" विचारायचं नाही. ताईंनी तळहात वर करून ठेवला तर हात धरायचा, एरवी आपलं पुस्तक वाचायचं. मला वाटतं या अकरा आठवड्यांत सगळ्यात अवघड काम तिच्या वाट्याला आलं.

ताई रोमला पोचल्या. रडल्या, एकदा तळहातही वर केला. ओरडल्या नाहीत.

चूक झाली ती माझी. सगळी तयारी मी जाण्याची करून घेतली, परतीचा विचारच केला नाही. पालेर्मोहून जहाज सुटलं त्या शेवटच्या रात्री ताईंना झोप येईना. पहाटे तीनला डेकवर जाऊन त्यांनी मुलाला फोन लावला, रोमहून घरापर्यंत रेल्वेने येता येईल का म्हणून. बिचारा झोपेतून उठून नकाशा बघत बसला. मग ताईंनीच फोन ठेवला आणि खाली जाऊन वही काढली.

ती वही मी नंतर पाहिली. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे 'काय होईल असं वाटतं', उजवीकडे 'काय झालं'. परतीच्या पानावर डावीकडे लिहिलंय: ओरडेन, सगळे वळून बघतील. उजवीकडे, हललेल्या अक्षरात: विमान हललं. ज्यूस जावयाच्या पँटवर. तो ओरडला. सगळ्यांनी वळून बघितलं.