यलो लॅब या पिवळ्या शोभेच्या माशाची मादी दहा दिवस झाले खात नाहीये, तोंड फुगलंय. पिल्लं हाताने काढून घ्यावीत का?

नका काढू. ही मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते. तुमचा प्रश्न वाचला आणि माझी वाकड्या जबड्याची मादी डोळ्यांसमोर आली, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही म्हणता, चार फुटी टाकीत एक नर आणि तीन माद्या आहेत, दुकानदार पंधराव्या दिवशी तोंड उघडून पिल्लं काढायला सांगतोय, आणि पिल्लांना काय घालायचं तेही विचारलंय. खाण्याचं शेवटी सांगतो. आधी तोंड उघडण्याचं.

माझी पहिली मादी अशीच एका सकाळी खायची थांबली. बाकीचे मासे दाण्यावर झेपावले, ही कपारीत मागेच उभी. हनुवटी फुगलेली, आणि थोड्या थोड्या वेळाने चूळ भरल्यासारखं तोंड हलवायची. मला वाटलं घशात काहीतरी अडकलंय. औषध टाकण्यासाठी जाळीने धरून बादलीत घ्यायला गेलो, तर जाळी वर येताच तिने ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळसर अंडी जाळीत ओकली. वीसेक असतील. परत तिच्यापुढे सोडली, पण तिने घेतली नाहीत.

दुसऱ्या खेपेला दादा मध्ये पडला. माझा मोठा भाऊ माझ्या कितीतरी आधीपासून मासे पाळतो, त्यामुळे घरात त्याचा शब्द शेवटचा. त्याचंही म्हणणं तुमच्या दुकानदारासारखंच: पंधराव्या दिवशी काढली की एकही पिल्लू वाया जात नाही, आणि मादी लवकर खायला लागते. ओल्या हातात मादी धरून त्याने काडीने तिचा खालचा जबडा ओढला. चौदा पिल्लं निघाली, प्रत्येकाच्या पोटाला बलकाची पिवळी पिशवी अजून लटकत होती. कापलेल्या बाटलीत हवेची नळी सोडून त्याने ती हलती ठेवली आणि त्यातली बारा जगवली, हे मान्य करायलाच हवं. पण मादीचा जबडा डावीकडे वाकडा झाला तो झालाच. दाणा तोंडात घ्यायची आणि तो कडेने निसटायचा. मी दाणे भिजवून, मऊ करून पाच महिने तिला जगवलं. हल्लीसुद्धा विषय निघाला की दादा म्हणतो, "बारा जगली ना? मग झालं तर."

त्यानंतर मामा आले. मामा भिगवणचे, सगळी हयात उजनीच्या पाण्यात जाळी टाकण्यात गेली. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे होते तेव्हा दुसरी मादी फुगली होती. दादाने काडी काढली. मामा टाकीसमोर खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "तिच्या तोंडात पोरं हायती. चिलापी अशीच करती. जाळ्यात घावली की भेती आन् होडीतच पोरं ओकती. न्हाई छेडलं तर पोरं पोहायजोगी झाल्याबिगर सोडत न्हाई. तुमी कशाला हात घालता?"

चिलापी म्हणजे तिलापिया मासा, मूळची आफ्रिकेचीच, १९५२ साली भारतात आणलेली. यलो लॅब तिथल्याच मलावी तलावातली. दोघी सिक्लिड कुळातल्या, दोघींची रीत तीच. पहिल्या खेपेला मी जाळीने जे करून बसलो होतो ते मामा चाळीस वर्षं होडीत बघत आले होते. दादाला ते पटलं नाही, पण मामांसमोर तो काही बोलला नाही आणि मादी वाचली.

त्या वेळी जे केलं तेच मी आजवर करत आलोय. हनुवटी फुगलेली दिसली ती तारीख कॅलेंडरवर लिहायची. २६ अंशांच्या आसपास पाणी असेल तर अंडी पाच-सहा दिवसांत फुटतात. पुढचे दोन-अडीच आठवडे पिल्लं तोंडातच बलक संपवत असतात. पंधराव्या दिवशी काढलेलं पिल्लू म्हणूनच अर्धवट असतं. ती चूळ भरल्यासारखं करते ना, त्यातून अंडी सतत फिरत राहतात, त्यांच्यावर बुरशी धरत नाही आणि ताजं पाणी मिळतं. दादाची बाटली तेच काम यंत्राने करते, एवढंच.

अठराव्या दिवशी रात्री, सगळे दिवे बंद करून, जाळी न वापरता पारदर्शक डब्यात तिला हळूच वळवून पाण्यासकट उचललं. दीड फुटी टाकी, पाणी मोठ्या टाकीतलंच, स्पंज फिल्टर आणि पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे. बाकी काही नाही. तळाला वाळूसुद्धा नाही. बाविसाव्या रात्री काचेशी मोबाइलचा मंद उजेड धरला तर तिच्या ओठांच्या फटीतून दोन काळे डोळे बाहेर बघत होते. ती हलली, डोळे आत गेले. तेविसाव्या दिवशी सकाळी एकोणीस पिल्लं तळाशी टुणटुणत होती आणि ती कोपऱ्यात, पोट खपाटीला गेलेली. तिचा जबडा सरळ होता. त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा गेलो.

पिल्लं सोडल्यावर मादीला त्याच दिवशी मोठ्या टाकीत टाकू नका. अशक्त असते, नर फाडून खातो. आठवडाभर एकटीला थोडं थोडं खायला द्या, मग रात्री सोडा, आणि सोडायच्या आधी टाकीतले दगड हलवा, म्हणजे सगळ्यांनाच आपापली जागा नव्याने शोधावी लागते. मोझांबिक चिलापी सोडलेली पिल्लं धोका दिसला की परत तोंडात घेते. यलो लॅबवर तो भरवसा ठेवू नका, पिल्लं आणि मादी वेगळी करा.

दादा म्हणतो, उपाशी ठेवून तिचा छळच करता. तीन आठवडे न खाणं तिच्या शरीराला ठाऊक असतं, काडी ठाऊक नसते. पिल्लं विकायचा धंदा असेल, सराईत हात असेल, तर लोक काढतात आणि नीट काढतात, हेही खरं. पण तुमच्याकडे तीन माद्या आहेत, पिल्लं घरात ठेवायचीत. मग घाई कोणासाठी? दादा, तू हे वाचत असशील तर तुझी बारा आणि माझी एकोणीस एवढंच मोजू नकोस, त्या मादीलाही मोज.

आता दोन गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. हनुवटीऐवजी पोट फुगलं असेल, तोंड हलत नसेल, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लोंबत असेल तर ती पिल्लं नाहीत, आजार आहे. त्याला माझं वरचं काहीच लागू नाही. आणि तीस दिवस उलटूनही सोडत नसेल, पाठ सुकून धारदार दिसायला लागली असेल, तर जाणकाराकडून काढून घ्या, तिथे हट्ट नको. पहिलटकरीण मादी मध्येच अंडी गिळते, तसं झालं तर औषधं करत बसू नका, पुढच्या वेळी धरेल.

पिल्लांना नुकते फुटलेले आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव), नाहीतर माशांचे रोजचेच फ्लेक्स बोटांत चुरून, दिवसातून तीन-चार वेळा चिमटीभर. रक्तकिडे वगैरे देऊ नका, मोठ्यांनाही नको.

तुमचा आज दहावा दिवस, म्हणजे अजून आठ दिवस ती आहे तिथेच बरी. नर मागे लागत असेल तर तिच्या कोपऱ्यात दोन दगड वाढवा, आणि तोवर दीड फुटीचा स्पंज मोठ्या टाकीत लटकवून मुरवत ठेवा, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यात आधीच धरतील.