नाइटक्लबच्या प्रकाशयोजनेसाठी स्वतंत्र कन्सोल घ्यावा की लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर?

आपल्या क्लबमध्ये 12 मूव्हिंग हेड (दिशा बदलणारे दिवे), 24 एलईडी पार (जागचे रंगीत दिवे), 8 पिक्सेल बार (स्वतंत्र ठिपक्यांच्या पट्ट्या) आणि 4 स्ट्रोब (वेगाने लुकलुकणारे दिवे) आहेत, बहुतेक रात्री वेगळा लाइट ऑपरेटर नसतो आणि डीजेच संगीतासोबत प्रकाशही सांभाळतो, असे आपण लिहिले आहे. अशा ठिकाणी कन्सोल (दिवे चालवण्याचे स्वतंत्र यंत्र) बरा की सॉफ्टवेअर, हा आपला प्रश्न आहे. क्लबांसाठी प्रकाशाचे प्रोग्रामिंग करणारा म्हणून माझे मत असे की हा निर्णय दिव्यांच्या संख्येपेक्षा मध्यरात्री त्या यंत्रासमोर कोण उभे असते यावर अधिक अवलंबून असतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. मोठा कन्सोल हाही आतून संगणकच असतो. ग्रँडएमए३ किंवा कॅमसिसचे मॅजिकक्यू यांचे सॉफ्टवेअर कन्सोलवर चालते तसेच साध्या संगणकावरही चालते. त्यामुळे कन्सोलसाठी जे जादा पैसे मोजले जातात ते बुद्धीसाठी नसून फेडर (सरकवायच्या पट्ट्या), बटणे आणि एन्कोडर (फिरवायच्या चकत्या) यांच्यासाठी, दुसरे काहीही न चालवणाऱ्या बंदिस्त यंत्रणेसाठी आणि मागच्या बाजूला थेट बसवलेल्या डीएमएक्स (दिव्यांना आज्ञा पाठवण्याची प्रमाणित पद्धत) जोडण्यांसाठी असतात. या गोष्टींपैकी आपल्याला खरोखर काय हवे आहे, एवढेच पाहायचे.

चॅनेलचा, म्हणजे दिव्याचा रंग, तेज, दिशा असा एकेक गुण चालवणाऱ्या आकड्यांचा, हिशेब मात्र आधी करून घ्यावा. मूव्हिंग हेड 16 चॅनेलच्या मोडमध्ये धरले तर 192, पार 7 चॅनेलचे धरले तर 168 आणि स्ट्रोब प्रत्येकी 4 चॅनेलचे धरले तर 16, म्हणजे एकूण 376 चॅनेल होतात. पिक्सेल बारमध्ये प्रत्येकी 16 पिक्सेल असतील आणि प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा व निळा असे तीन चॅनेल लागत असतील, तर आठ बारचे आणखी 384 होतात. बेरीज 760 होते, आणि डीएमएक्सच्या एका युनिव्हर्समध्ये (सिग्नलच्या एका स्वतंत्र प्रवाहात) 512 च चॅनेल मावतात. म्हणजे आपल्याला दोन युनिव्हर्स हवेत. बाजारात सर्रास मिळणारा 192 चॅनेलचा छोटा कन्सोल, ज्यात 12 फिक्श्चर (दिव्यांची उपकरणे) आणि प्रत्येकाला 16 चॅनेल अशी मांडणी असते, तो इथेच बाद होतो. पिक्सेल बारवर लाटा किंवा आकृत्या फिरवायच्या असतील तर पिक्सेल मॅपिंग (प्रत्येक पिक्सेलला चित्रातली जागा नेमून देणे) लागते आणि त्या बाबतीत सॉफ्टवेअर स्वस्तातल्या कोणत्याही कन्सोलच्या पुष्कळ पुढे आहे.

नाटकात क्यू (प्रकाश बदलण्याचे टप्पे) ठरलेले असतात आणि ऑपरेटर एकामागून एक पुढे जात राहतो. क्लबमध्ये पुढचे गाणे कोणते हेच ठाऊक नसते, म्हणून तयार तुकडे हाताशी ठेवून ते तिथल्या तिथे जुळवावे लागतात. रंग एका ओळीत, हालचाली दुसऱ्या ओळीत, चेस (दिवे एकामागून एक लागण्याचे क्रम) तिसऱ्या ओळीत आणि स्ट्रोब व ब्लॅकआउट यांची बटणे अंधारातही चाचपून सापडतील अशा कोपऱ्यात असावीत. हे काम माउसने होत नाही. अंधारात, बास दणाणत असताना, पडद्यावरचा चिमुकला चौकोन शोधून त्यावर क्लिक करण्याची कल्पना ज्याने क्लबमध्ये एक रात्रही काम केलेले नाही त्यालाच सुचू शकते. म्हणून सॉफ्टवेअर घेतले तरी त्यासोबत फेडर आणि प्रकाशित बटणे असलेला मिडी कंट्रोलर (संगणकाला जोडायचा बटणांचा फलक) घेणे मी अनिवार्य मानतो. त्यात एक खोच आहे: साध्या मिडी कंट्रोलरचे फेडर मोटरवर चालत नाहीत, त्यामुळे पान बदलल्यावर फेडरची जागा आणि प्रत्यक्ष प्रकाश यांत फरक पडतो आणि पहिल्याच स्पर्शाला दिवे एकदम उसळतात. मुख्य फेडर सर्व पानांवर एकाच जागी ठेवावेत आणि पाने शक्य तितकी कमी करावीत.

डीजेच प्रकाश चालवणार असल्याने आपल्या बाबतीत सॉफ्टवेअरचा एक मोठा लाभ आहे. साउंडस्विच किंवा रेकॉर्डबॉक्सचा लाइटिंग मोड यांसारखी साधने गाण्याचे आधीच विश्लेषण करून ठेवतात. ठेका कुठे पडतो, संथ भाग कुठे संपतो आणि ड्रॉप (ठेका पुन्हा जोरात सुरू होण्याची जागा) कुठे येतो हे त्यांना वाजण्यापूर्वीच माहीत असते. मायक्रोफोनवरून ठेका पकडणारा कन्सोल मात्र ड्रॉप ऐकू आल्यानंतरच त्याला प्रतिसाद देतो, आणि तेवढा उशीर डोळ्यांना जाणवतो. अर्थात पाहुणा डीजे स्वतःची यंत्रणा घेऊन आला किंवा व्हिनाइल वाजवू लागला की ही जोडणी निरुपयोगी ठरते, म्हणून हाताने ठेका देण्याचे टॅप बटण कंट्रोलरवर असलेच पाहिजे.

सॉफ्टवेअरला नावे ठेवणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी प्रत्यक्षात स्वस्त इंटरफेसच्या, म्हणजे संगणक आणि दिवे यांना जोडणाऱ्या पेटीच्या, असतात. डीएमएक्सचा वेग सेकंदाला 250 किलोबिट असतो आणि पूर्ण भरलेले युनिव्हर्स सेकंदाला सुमारे 44 वेळा पाठवता येते. अगदी साध्या यूएसबी इंटरफेसमध्ये हा ताल राखण्याचे काम संगणकालाच करावे लागते. संगणक दुसऱ्या कामात गुंतला की ताल चुकतो आणि संथपणे वळणारा मूव्हिंग हेड मध्येच हिसके देतो. ज्या इंटरफेसमध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो तो सर्व चॅनेलची शेवटची मूल्ये स्वतःच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, त्यामुळे लॅपटॉप क्षणभर अडखळला तरी दिव्यांना त्याचा पत्ता लागत नाही. दोन युनिव्हर्ससाठी मी तर यूएसबीऐवजी आर्ट-नेट किंवा एसएसीएन (नेटवर्कवरून डीएमएक्स पाठवण्याच्या पद्धती) समजणारा नोडच (नेटवर्कचा सिग्नल डीएमएक्समध्ये बदलणारी पेटी) सुचवीन, कारण यूएसबीची केबल 5 मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, तर इथरनेटची केबल 100 मीटरपर्यंत जाते. हे नेटवर्क पूर्णपणे वेगळे आणि तारेचे असावे. ग्राहकांच्या वायफायशी त्याचा संबंध येऊ देऊ नये.

आपल्याकडे एकूण 48 फिक्श्चर आहेत आणि एका डीएमएक्स लाइनवर सामान्यतः 32 पेक्षा अधिक उपकरणे जोडू नयेत, म्हणून कन्सोल घ्या किंवा सॉफ्टवेअर, स्प्लिटर (सिग्नल अनेक लाइनींत वाटणारी पेटी) लागणारच. तो विद्युतदृष्ट्या विलग असलेला घ्यावा, प्रत्येक लाइनच्या शेवटी 120 ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल उलटा परतू न देणारा रोध) लावावा आणि मायक्रोफोनची केबल डीएमएक्ससाठी वापरू नये. दिवे लुकलुकतात म्हणून सॉफ्टवेअर बदलणाऱ्यांनी आधी या तीन गोष्टी तपासलेल्या नसतात, असा माझा अनुभव आहे.

लॅपटॉप बंद पडला तर काय, ही भीती रास्त आहे. पण कन्सोल बंद पडला तर काय, हे फारसे कोणी विचारत नाही. मध्यरात्री दुसरा कन्सोल मिळणे जवळपास अशक्य असते; दुसऱ्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर आणि शोची फाइल तयार असेल तर काही मिनिटांत काम पुन्हा सुरू होते. त्याशिवाय फिक्श्चरच्या मेनूमध्ये सिग्नल गेल्यावर शेवटची स्थिती धरून ठेवण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर काही दिवे थेट काळोख करतात. संगणकाशिवाय चालणारा एखादा छोटा रेकॉर्डर दोन सिग्नल एकत्र (मर्ज) करणाऱ्या नोडवर जोडून त्यात चार-पाच सीन साठवून ठेवले तर उत्तमच. लॅपटॉप केवळ प्रकाशासाठी राखावा, डीजेचा लॅपटॉप त्यासाठी वापरू नये, आणि स्लीप, आपोआप होणारे अपडेट व यूएसबीची वीजबचत बंद करून टाकावी.

हाउस लाइट, म्हणजे गर्दीला बाहेर काढताना लागणारा नेहमीचा उजेड, यांपैकी कशावरही अवलंबून असू नये. तो भिंतीवरच्या स्वतंत्र बटणाने लागला पाहिजे आणि आगीचा इशारा वाजताच आपोआप चालू झाला पाहिजे. प्रकाशामुळे झटके येणाऱ्या व्यक्तींना साधारण सेकंदाला 3 ते 30 वेळा होणारी लुकलुक धोक्याची ठरते, म्हणून प्रोग्रामिंग करतानाच स्ट्रोबचा वेग सेकंदाला 3 पेक्षा खाली बांधून टाकावा. तो डीजेच्या उत्साहावर सोडू नये.

कन्सोल मी दोन परिस्थितींत घ्यायला सांगेन. आपण कायमस्वरूपी लाइट ऑपरेटर नेमणार असाल तर त्याच्या हाताला जो कन्सोल सरावाचा आहे तो घ्यावा, कारण नवे यंत्र शिकण्यात त्याचे महिने जातील. दुसरे म्हणजे, पाहुणे कलाकार स्वतःचा ऑपरेटर घेऊन येत असतील तर त्याला नामांकित कन्सोलच हवा असतो. अनोळखी सॉफ्टवेअर पाहून तो कपाळाला हात लावतो. आपण लिहिलेल्या स्थितीत यांपैकी काहीच नाही, म्हणून आपल्यासाठी माझे उत्तर सॉफ्टवेअर, मिडी कंट्रोलर आणि चांगला नोड असे आहे. त्यातून वाचलेल्या पैशांत दुसरा लॅपटॉप ठेवावा.

खरेदीपूर्वी क्यूएलसी प्लस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर किंवा मॅजिकक्यूची संगणकावरची मोफत आवृत्ती घेऊन आपल्याच दिव्यांवर आठवडाभर काम करून पाहावे. नोड उसना मिळाला तरी चालेल. त्या आठवड्यात क्लब रिकामा असताना एकदा कार्यक्रम पूर्ण वेगात चालू ठेवून लॅपटॉपची नेटवर्क केबल मुद्दाम उपसावी आणि 48 पैकी कोणता दिवा कसा वागतो ते लिहून काढावे.