गाडीच्या काचा बंद असतात, एसी चालू असतो, तरी माझा उजवा हात काळवंडत चाललाय. सनस्क्रीनची खरंच गरज आहे का? कोणतं घ्यावं?

गरज आहे. काच बंद असली तरी आहे. हाच प्रश्न आमच्या घरात कित्येक वर्षं भांडणाचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचे अण्णा ट्रक चालवायचे. लासलगावला कांदा भरायचा आणि कसारा घाट उतरून वाशी मार्केटला टाकायचा, उभं आयुष्य हेच. नाशिकहून मुंबईचा रस्ता नैर्ऋत्येला जातो. लिलाव आटपून दुपारी निघालेल्या गाडीत उन्हाळ्यात मावळतीचं ऊन ड्रायव्हरच्या उजव्या अंगावर पडतं. माल उतरवून सकाळी परत फिरलं, तर थंडीच्या दिवसांत उगवतीचं ऊनही उजवीकडूनच. काच खाली आणि कोपर खिडकीवर, हीच त्यांची बसायची पद्धत.

म्हातारपणी त्यांना गजकर्ण झालं म्हणून दादा आणि मी त्यांना नाशिकला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी गजकर्ण पाहिलं, औषध लिहिलं, मग अण्णांची हनुवटी धरून तोंड एकदा इकडे, एकदा तिकडे वळवलं आणि विचारलं, "बाबा, गाडी चालवायचात का?" आम्ही तसं काहीच सांगितलेलं नव्हतं. उजव्या गालावर आडव्यातिडव्या खोल सुरकुत्या, डोळ्याच्या कडेला बारीक काळे ठिपके, त्या बाजूची मान जाड आणि पिवळट. डावा गाल त्यामानाने नितळ. मग दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावले. एकाच माणसाचे हात आहेत असं कुणी म्हटलं नसतं. डॉक्टर म्हणाले, हे सगळं उन्हाचं काम आहे, आणि झालं ते आता पुरतं मागे फिरत नाही.

दादाचं म्हणणं मात्र आजही तेच, "वय झालं की कातडी सुरकुतणारच." मग अण्णांचा डावा गाल काय उजव्यापेक्षा धाकटा होता? याचं उत्तर तो देत नाही.

दादा स्वतः टूरची गाडी चालवतो. त्याचा दुसरा मुद्दा तुमच्या प्रश्नासारखाच आहे: अण्णांची काच उघडी असायची, माझी बंद असते, आत एसी असतो, मला काय होणार? होतं. उन्हात डोळ्यांना न दिसणारी अतिनील किरणं असतात, त्यातले दोन प्रकार म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी. साधी काच अडवते ती यूव्हीबी किरणं, ज्यांनी अंग भाजतं. यूव्हीए बरीचशी आरपार येतात. ती त्वचेत खोल शिरतात, तिला ताठ ठेवणारं कोलॅजन मोडतात आणि रंगही गडद करतात. भाजत नाही, आग होत नाही, वर एसीचा गारवा, म्हणून कळतच नाही. समोरच्या काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो, तो यूव्हीए जवळजवळ सगळी अडवतो. दाराच्या काचेत सहसा हा थर नसतो. म्हणून तुमचा उजवाच हात.

2012 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 69 वर्षांच्या एका माणसाचा फोटो छापून आला होता. त्याने 28 वर्षं मालाचा ट्रक चालवला होता. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून त्याचा डावा गाल गेलेला. दादाला मी तो फोटो दाखवला. "गोऱ्या लोकांचं असतं तसं," म्हणाला. अण्णा कुठे गोरे होते?

आता तुमचं सनस्क्रीन. एसपीएफ 30 किंवा 50 पुरे, त्याच्या वरच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब सांगतो. तुम्हाला यूव्हीए अडवायचीत, तेव्हा डब्यावर 'पीए' आणि त्यापुढे तीन-चार अधिकचिन्हं आहेत का ते बघा. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत रेघ काढा, तेवढं एका हाताला लागतं. वाटाण्याएवढं चोळून उपयोग नाही. दोन तासांनी परत लावा. ट्यूब गाडीत ठेवू नका, तापून खराब होते. गोरेपणाच्या क्रीमचा याच्याशी काही संबंध नाही. आणि मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने दिलेलं 'डाग घालवायचं' मलम तर अजिबात नको. त्यात स्टेरॉइड असलं तर चेहऱ्याची कातडी पातळ पडते.

माझं स्पष्ट मत, हातासाठी कापडच बरं. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट घाला, नाहीतर रस्त्यावर मिळतात त्या नुसत्या बाह्या चढवा. त्या पुसल्या जात नाहीत, पुन्हा लावाव्या लागत नाहीत. तलम पांढरा शर्ट घामाने भिजला की किरणं बरीच आत जातात, म्हणून जरा गडद रंग घ्या. काचांना काळी फिल्म लावायच्या नादी लागू नका, 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पोलीस त्यावर दंड करतात.

बायका सनकोट घालून, स्कार्फ बांधून स्कूटर चालवतात ते बरोबरच करतात. पुरुषाने बाह्या चढवल्या की मात्र स्टँडवर हसतात, आणि दादाचं खरं अडतं ते तिथेच. सुरकुत्यांचा वाद नुसता बहाणा आहे.

एक सांगायचं राहिलं. आपल्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यात बराच कमी. तेवढ्यासाठी घाबरून जाऊ नका. पण तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा जखम महिनाभर भरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवाच. आणि ड जीवनसत्त्वासाठी ऊन हवं म्हणून गाडीतलं ऊन अंगावर घेणार असाल, तर ते यूव्हीबीने तयार होतं, आणि यूव्हीबी तर काचेबाहेरच अडतं.

दादा, वहिनी तुला हे वाचून दाखवणार आहेच. बाह्या तिच्याकडे दिल्यात, करड्या रंगाच्या आहेत. शिर्डीची ट्रिप आली की घालून जा.