मुलीला डॉक्टर व्हायचंय आणि घरात कुणीच डॉक्टर नाही, तर आईवडिलांनी नेमकं काय करायचं?

दादा, तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झालीय, डॉक्टर व्हायचं म्हणतेय. नातेवाईक कोणी लातूर सांगतंय, कोणी राजस्थानातलं कोटा. घरात या वाटेने आजवर कुणी गेलेलं नाही, त्यामुळे आपण मदत करायची म्हणजे काय करायचं, हेच तुम्हाला कळत नाहीये.

माझा मुलगा सरकारी मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि मी तालुक्याच्या सेतू केंद्रात काम करते. दर जून-जुलैला मेडिकलच्या ॲडमिशनसाठी कागद गोळा करत फिरणारे आईबाप माझ्या टेबलासमोर उभे असतात. त्यामुळे घरातलं आणि खिडकीपलीकडचं, दोन्ही बघून सांगते. अभ्यास मुलीचा आहे. तो तुम्ही करू शकत नाही आणि करायची गरजही नाही. पण अभ्यास सोडून जे जे आहे, कॉलेज कुठलं, कागदपत्रं, पैसा, घरातलं वातावरण, ते सगळं तुमचं. त्यातलं काहीही तिच्या डोक्यावर जाऊ देऊ नका.

आधी क्लाससाठी कोटा शहरात पाठवायचं का ते बघू, कारण तो निर्णय तुम्हाला आत्ताच घ्यायचाय. आपल्याकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत १५ टक्के जागा ऑल इंडियातून, म्हणजे देशभरातल्या मुलांतून भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या असतात. त्या ८५ टक्क्यांत बसायला डोमिसाइल, म्हणजे इथले रहिवासी असल्याचा दाखला, लागतंच, शिवाय मोजके अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच व्हावी लागतात. कोट्याला क्लास लावला आणि बारावीचा फॉर्मही तिकडच्याच शाळेतून भरला, तर मुलगी स्वतःच्या राज्यातल्या ८५ टक्के जागांना मुकते. क्लासच्या जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. म्हणून क्लास कुठलाही लावा, बारावी मात्र इथूनच होऊ द्या.

लातूर-नांदेडची ख्याती खोटी नाही. तिथे सगळं गावच ‘नीट’च्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या वेळापत्रकावर चालतं. पण सोळा वर्षांची पोर पहिल्यांदाच घराबाहेर राहणार, मेसचं जेवण जेवणार, तापात एकटी पडणार. काही मुलं त्यातून तावूनसुलाखून निघतात, काही दिवाळीलाच खचतात. तुमची कुठल्या प्रकारची आहे ते तुम्हाला माहीत आहे, मला नाही. 'मराठवाड्यात शिकलं की तिथल्या कॉलेजात जागा राखीव मिळते' असं कुणी सांगितलं असेल तर ते मात्र आता जुनं झालं. ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना देणारं ७०:३० चं ते सूत्र २०२० मध्येच रद्द झालं. अजूनही लोक त्यासाठी गावं बदलतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता कागद. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हुशार पोरांचं नुकसान होताना मी सगळ्यात जास्त इथेच बघितलंय.

तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. राखीव प्रवर्गात असाल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता लागते, म्हणजे आपण जिला व्हॅलिडिटी म्हणतो ती. तिचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करता येतो. त्याला वाडवडिलांचे पुरावे लागतात, तेही ठरावीक तारखेच्या आधीचे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी (व्हीजे-एनटी) २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंद. हे एका दिवसात सापडत नाही. आजोबा ज्या जीवन शिक्षण मंदिरात शिकले, तिथलं जुनं रजिस्टर कधी वाळवीने खाल्लेलं असतं, कधी शाळाच दुसरीकडे गेलेली असते.

एक गृहस्थ जुलैत आले होते. मुलीला मार्क चांगले, सरकारी कॉलेज नक्की मिळेल असे. पण आजोबांच्या दाखल्यावर आडनाव एक आणि वडिलांच्या दाखल्यावर गावावरून पडलेलं दुसरं. दोघं एकाच घरातले हे सिद्ध करायला वंशावळीचं शपथपत्र, जुने फेरफार, मग जात पडताळणी समितीची चौकशी. तो माणूस प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून माझ्या टेबलावर मांडत होता आणि मुलगी मागे उभी राहून फोनवर प्रवेशफेरीची शेवटची तारीख बघत होती. सरकार कधी मुदत देतं, कधी अर्जाच्या पावतीवर चालवून घेतं, पण त्या भरवशावर बसू नका. या शनिवारी-रविवारी घरातली पत्र्याची पेटी उघडा आणि तिचं, तुमचं, तुमच्या वडिलांचं नाव प्रत्येक कागदावर कसं लिहिलंय ते शेजारी शेजारी ठेवून बघा. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे, कारण नीटचा फॉर्म भरताना पहिली ठेच तिथेच लागते.

नॉन-क्रिमीलेअरवर, म्हणजे घर प्रगत गटात मोडत नाही या प्रमाणपत्रावर, वैधतेची तारीख असते, ती बघून ठेवा. ३१ मार्चला संपलेलं प्रमाणपत्र घेऊन जुलैत आलेले लोक दरवर्षी भेटतात. ऑल इंडियाच्या जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. आपल्याकडे व्हीजे-एनटीत मोडणाऱ्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी असतात, हे अनेकांना फॉर्म भरतानाच कळतं. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो, तो नवा काढायचा.

पैशाचं बोलणं मुलीसमोर एकदाच पण स्पष्ट करा. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर आंतरवासिता (इंटर्नशिप) एक वर्ष. सरकारी कॉलेज साध्या घरालाही कसंबसं झेपतं. खासगीत वर्षाला आठ-दहा लाख आणि पुढे, अभिमत विद्यापीठात वीस-पंचवीस लाखांच्या घरात, वर हॉस्टेल वेगळं. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) घरांतल्या मुलींना २०२४ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा फीत पूर्ण सवलत दिलीय. तुम्ही त्यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आजपासून जिवापाड सांभाळा. सरकारी कॉलेजातून डॉक्टर झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो, न केल्यास १० लाख भरावे लागतात. हेही तिला आधी माहीत असू द्या. आमच्याकडे जमिनीचा तुकडा विकायचा नाही, हे आम्ही अकरावीतच ठरवून मुलाला सांगितलं होतं. त्याचं त्याला ओझं वाटलं नाही, उलट आपण कशासाठी झगडतोय ते कळलं.

घरातल्या वातावरणाचं म्हणाल, तर नीट ७२० मार्कांची. १८० प्रश्न, बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. निम्मा पेपर बायोलॉजीचा, आणि त्यासाठी एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न् ओळ लागतात. पण मुलं रडतात ती फिजिक्सला. रविवारी टेस्ट देऊन माझा मुलगा घरी यायचा तेव्हा चपला काढण्याच्या आवाजावरून मला कळायचं पेपर कसा गेला ते. मी विचारायचे नाही. ताट वाढायचे, शेवग्याच्या शेंगांची आमटी असेल तर दुसऱ्यांदा वाढायचे. तासाभराने तोच सांगायचा, 'आई, तेवीस प्रश्न निगेटिव्ह गेले.' मग आम्ही ते प्रश्न मोजायचो: किती अंदाजाने ठोकले, किती येत असून चुकले. मला त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं, पण मोजायला समजायची गरज नसते. तुम्हीही एवढंच करा. मार्क विचारू नका, चुका कुठल्या प्रकारच्या होत्या ते विचारा, तेही तिने विषय काढल्यावर.

पेपर मे महिन्यात भर दुपारी, दोन ते पाच असतो. शेवटच्या तीन-चार महिन्यांत सरावाचा पेपर त्याच वेळेला सोडवायला बसवा. रात्री दोनपर्यंत जागून दुपारी झोपणाऱ्या मुलांचं डोकं नेमकं दोनला पेंगतं. आणि पाहुण्यांना 'किती पडले?' हा प्रश्न तिला विचारू देऊ नका, तो तुम्ही उंबऱ्यावरच अडवा.

तिला खरंच डॉक्टर व्हायचंय का, हे तपासायचा एक साधा मार्ग आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विनंती करून तिला ओपीडीच्या वेळेत दोन-तीन सकाळी बाहेरच्या बाकावर बसू द्या. लसीकरणाची रडारड, जखमेचं ड्रेसिंग, रांगेत भांडणारे लोक, हे बघून आल्यावरही ती ठाम असेल तर पुढची दोन वर्षं तिला ढकलावं लागणार नाही.

नंबर लागला नाही तर काय, हेही आत्ताच बोलून ठेवा, निकालाच्या रात्री नको. एक वर्ष रिपीट करणं चुकीचं नाही, पुष्कळ चांगले डॉक्टर दुसऱ्या प्रयत्नातले आहेत. दुसऱ्यानंतर तिसऱ्याचा निर्णय मात्र मार्कांची चढण बघून घ्या, हट्टाने नको. बीएएमएस (आयुर्वेद), डेंटल, व्हेटर्नरी आणि फिजिओथेरपीची वाट नीटच्याच मार्कांवर उघडते. नर्सिंगची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, वेगळी असते आणि फार्मसीला एमएचटी-सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप असतो. ते फॉर्म भरून ठेवायला काय जातं? मुलीला 'म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही' असं वाटू नये, म्हणून फॉर्म तिच्यासोबत बसून भरा.

निकालानंतर परदेशातल्या एमबीबीएसवाल्यांचे फोन सुरू होतील. सगळे खोटे नसतात, पण नियम २०२१ पासून कडक आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात डॉक्टरकी करायचा परवाना मिळण्याची पात्रता, आणि परत आल्यावर इथली परीक्षा वेगळी. जाण्याआधी नीट पास असणंही लागतंच. एजंट घरी आला तर चहा द्या, हे मुद्दे एकेक करून विचारा आणि उत्तरं लेखी मागा. लेखी देत नसेल तर पुढे बोलूच नका.