खोदायला अख्खं गाव, वाटायला कोण?

प्रश्न असा आहे: "लोकांनी एकत्र येऊन काम केलं, आपल्याजवळचं वाटून घेतलं, तर आजच्या काळात समाज खरंच बदलतो का? की ही नुसती भाषणातली वाक्यं? आमच्या पुण्यातल्या सोसायटीत साधं टँकरचं बिल वाटायचं म्हटलं तरी दर महिन्याला भांडण होतं."

टँकरच्या बिलावर शेवटी येतो. आधी आमच्या विहिरीचं सांगतो, कारण या विषयातलं मला जे काही कळलंय ते त्या विहिरीच्या काठावर.

आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात. सह्याद्रीवरून ढग येतात, आमच्या डोक्यावरून पुढे जातात. विहीर आजोबांच्या वेळची, आठ परस खोल, सामाईक. आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ अशा चौघांत प्रत्येकी चार आणे हिस्सा. आणे-पै व्यवहारातून गेले तरी आमच्याकडे विहिरीचा हिस्सा अजून आण्यातच मोजतात. पाळी आठ दिवसांची, प्रत्येकाला दोन दिवस. मोटेच्या काळात हे बरं चाललं असणार, कारण बैलाला लोडशेडिंग नसतं.

विजेची मोटर आली आणि घोळ सुरू झाला. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि मध्येच डीपी जळाली की चार-चार दिवस गायब. ज्याच्या पाळीला लाईट नाही त्याचं काय? माझे एक चुलते, तात्या, म्हणायचे, पाळी कॅलेंडरची. लाईट नव्हती हे तुझं नशीब. दुसरे चुलते अण्णा, त्यांचं म्हणणं, पाळी पाण्याची आहे, तारखेची नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, हीच खरी अडचण. एका उन्हाळी कांद्याच्या वेळी हे इतकं टोकाला गेलं, की कुणीतरी पेटीतला फ्यूजच काढून नेला. अकरा दिवस मोटर बंद. विहिरीत पाणी आहे, वर लाईट आहे आणि चारही घरांचा कांदा माना टाकतोय. कुणी नेला ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. माझा संशय आमच्याच घरावर आहे.

तोडगा काढला काकींनी. त्या अण्णांच्या मंडळी, शाळा चौथीपर्यंत. म्हणाल्या, "दिस कशाला मोजताय? तास मोजा. आन् लिवून ठेवा, म्हंजी कुनाला तोंड वाजवायला नको." तेव्हापासून प्रत्येकाला सोळा तास पाणी. ते दोन दिवसांत होवोत नाहीतर पाच. मोटरच्या खोपटात स्टार्टरच्या पेटीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. मोटर चालू केली की वेळ लिहायची, बंद केली की लिहायची. लिहायला विसरला तर मागचा माणूस सांगेल तो आकडा धरायचा. या शेवटच्या कलमामुळे कुणीच विसरत नाही. मोटर जळाली तर भरायचा खर्च आण्यांप्रमाणे.

वही आल्यावर चुलते एकमेकांवर प्रेम करायला लागले असं काही नाही. तात्या आणि अण्णा आजही लग्नात एका पंगतीला बसत नाहीत. पण पाण्यावरून भांडण झालेलं नाही. म्हणून "लोकांची मनं जुळली पाहिजेत" असं कुणी म्हणालं की मी जरा सावध होतो. मनं जुळायची वाट बघत बसलो असतो तर रान पडीकच राहिलं असतं. वाटणीचा नियम हवा, आणि तो पाळला जातोय की नाही हे चौघांपैकी कुणालाही, कधीही बघता यायला हवं. विहिरीवर तरी एवढ्यावर भागलं.

हेच अख्ख्या गावाच्या पातळीवर करून दाखवलं ते विलासराव साळुंखे यांनी, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात. साळुंखे पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली आणि पुढे नायगावच्या देवस्थानाची 16 हेक्टर जमीन कराराने घेऊन तिथं पाणी अडवण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

पाणी अडवणं नवं नव्हतं. नवी होती ती वाटणी. पाणी जमिनीच्या हिशोबाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या हिशोबाने द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी जास्तीत जास्त अडीच एकर. म्हणजे वीस एकरवाल्याच्या घरात पाच माणसं असतील तर त्यालाही अडीच एकरापुरतंच. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येणार नाही. आणि ज्याला गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा. खर्चातला 20 टक्के वाटा शेतकऱ्यांचा, निम्मं सरकारी अनुदान, उरलेलं साळुंख्यांच्या संस्थेकडून बिनव्याजी.

भूमिहीनाला पाणी देऊन तो करणार काय, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. उत्तर साधं आहे. त्याच्याकडे पाणी आहे, शेजाऱ्याकडे अडीच एकरापलीकडचं कोरडं रान आहे. दोघं मिळून बटईने पीक काढतात. जो माणूस काल मजुरीला बोलवण्यापुरता आठवायचा, त्याच्या दारात आज जमीनवाला बोलणी करायला येतो. "समाज बदलतो का?" असं तुम्ही विचारलंय. मी एवढंच बघतो की कोण कुणाच्या दारात जातंय.

पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत. साळुंखे 2002 मध्ये गेले. जिथं शेजारच्या शिवारात कॅनॉलचं पाणी आलं तिथं ऊस नको म्हणणं अवघड होत गेलं. ते समजण्यासारखं आहे.

आता आमच्या गावाचं, म्हणजे जे फसलं ते.

2018 साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे श्रमदानानं पाणी अडवायच्या गावागावांतल्या चढाओढीत, आमचं गाव उतरलं होतं. 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस, राज्यातले 75 तालुके. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. रजा टाकून आठवडाभर गेलो. एक मे रोजी शहरातनं आलेली माणसंही होती, नवे बूट आणि टोप्या घालून. त्यांच्या हाताला पहिल्या तासात फोड आले, माझ्या दुसऱ्या तासात.

मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे ए-फ्रेम. तीन काठ्या ए अक्षरासारख्या बांधायच्या, वरच्या टोकाला दोरी, दोरीला दगड. फ्रेम उतारावर उभी करायची आणि दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर येईपर्यंत एक पाय पुढेमागे सरकवायचा. दोरी खुणेवर थांबली की दोन्ही पाय एकाच पातळीत. तिथं फक्की टाकायची, फ्रेम फिरवायची, पुढची खूण. असं करत डोंगराच्या अंगावर पांढरी रेघ वाकतवळत जाते आणि त्या रेघेवर सलग समतल चर खणतात. रेघ चुकली तर पाणी चरात थांबायच्या ऐवजी एका कोपऱ्याला पळतं आणि बांध फोडतं. आमच्या टोळीत ही रेघ मारायचं काम सातवीतली एक मुलगी करत होती, आणि सत्तरीतले म्हातारे टिकाव घेऊन तिला विचारत होते, "बाय, कुठनं धरू?" त्या 45 दिवसांत तात्या आणि अण्णा एकाच चरात खणत होते. बोलत नव्हते, पण पाटी हातातून हातात जात होती.

एकत्र येऊन राबायची सवय आपल्याकडे जुनीच आहे. देशावर इर्जिक: एकाच्या रानात सगळ्यांनी आपापली बैलं घेऊन जायचं आणि त्यानं जेवण घालायचं. कोकणात सावड. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात भातखाचरं काढायची पडकई. त्यामुळे गावं दीड महिन्यात उभी राहिली याचं मला फारसं नवल वाटलं नाही. घाम वाटून घेणं आम्हाला येतं.

त्या वर्षी पावसानं दडीच मारली. चर कोरडे, आणि "झालं का तुमचं श्रमदान?" म्हणणारे पारावर हजर. 2019 चा परतीचा पाऊस मात्र असा झाला की डोंगरावरचे सगळे चर भरले आणि विहिरींना कठड्यापर्यंत पाणी आलं. माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा विहिरीत हात बुडवून पाणी घेतलं. फोटो आहे माझ्याकडे.

दिवाळीनंतर बोअरच्या गाड्या आल्या. आधी एक, मग रात्रंदिवस. पाणी वर आलंय म्हटल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या रानात भोक पाडायला घेतलं. दोनशे फूट, चारशे फूट, शेजाऱ्याचं लागलं म्हणून आपलं सहाशे. काहींनी ऊस लावला, आणि त्यात डोंगरावर रोज पहाटे खणायला येणारेही होते. मी कुणाला दोष देत नाही. खड्डा खणताना सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, पाणी उपसताना कुणीच काही ठरवलं नव्हतं. ग्रामसभेत विषय निघाला होता. "बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ" म्हणून राहिला. दोन वर्षांत मार्च महिन्याला विहीर पुन्हा तळाला.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये नेमकं हेच आधी ठरलं होतं. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून तिथं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी होतीच, पण शेतीसाठी बोअर नाही आणि ऊस-केळी नाही हे कलमही होतं. दरवर्षी पाऊस किती पडला आणि विहिरींत पाणी किती आहे हे मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, फळ्यावर लिहितात आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. आमच्या वहीचीच थोरली बहीण. हिवरे बाजारला बसेस भरभरून माणसं भेट द्यायला जातात, आमच्या गावचीही गेली होती. येताना बंधाऱ्याचे फोटो आणले. फळ्याचा एकही नाही.

तुम्हाला वाटेल, एखादा खमका सरपंच मिळाला तरच हे जमतं. म्हणून गडचिरोलीचं मेंढा-लेखा सांगतो. धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, तो वनखात्याच्या हातात. म्हणजे दागिना तुमचा, तिजोरीची किल्ली आमची. ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला 27 एप्रिल 2011 उजाडलं. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. त्यानंतर ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला आणि गावातच मजुरी मिळाली. 2013 मध्ये गावानं आपल्या खासगी जमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावावर करायचं ठरवलं.

तिथली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकजण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला. आमच्याकडेही विषय पुढच्या बैठकीलाच गेला होता म्हणा, पण तिथं पुढची बैठक खरंच होते. शिवाय बैठकीआधी अभ्यास गटात तो विषय नीट समजून घेतात, म्हणजे सभेत आवाज मोठा असणाऱ्याचं फावत नाही.

अशा गोष्टींचा जगभर फिरून अभ्यास केल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामाईक पाणी, जंगल, मासे हे सरकारनं ताब्यात घेतले नाहीत आणि खासगीही केले नाहीत तरी टिकतात, मात्र वापरणाऱ्यांनीच नियम केले, राखणही त्यांनीच केली आणि मोडणाऱ्याला आधी छोटा, मग मोठा दंड असला तर, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. वाचलं तेव्हा मला काकी आठवल्या. धुळे-नाशिककडच्या पांझरा-मोसम खोऱ्यातली फड पद्धत तर काही शतकं अशीच चालली. शिवाराचे तीन-चार भाग, म्हणजे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायला गावानं नेमलेला पाटकरी, राखणीला जागले. पाटाला शेतकऱ्यानं स्वतः हात लावायचा नाही.

आता तुमचं टँकरचं बिल. पाण्याचा आकार प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार यांवर लावावा, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत आहे. तुमच्याकडे बहुधा फ्लॅटमागे सारखं किंवा चौरस फुटावर वाटत असतील. तीन खोल्यांत एकटे राहणारे आजोबा आणि दोन खोल्यांत सहा माणसं, दोघंही आपापल्या जागी बरोबर, अगदी तात्या-अण्णांसारखे. माणशी वाटणी करायची की नळावर, हे सभेत एकदाच भांडून ठरवा, दर महिन्याला नको. आणि त्याआधी एक बघा: टँकर किती वाजता आला, किती लिटरचा होता, टाकीत उतरताना कुणी पाहिला, हे तुमच्याकडे कुठं लिहिलेलं आहे का? सेक्रेटरींच्या मोबाइलमध्ये असेल तर ते धरू नका. वॉचमनच्या केबिनबाहेर, येताजाता कुणालाही वाचता येईल असं.

पेन्सिल तेवढी सुतळीनं बांधा. आमची पहिली तीन दिवसांत गेली होती.