उघड्या किनाऱ्यावरून शिडाच्या बोटीत माल चढवायचाय, जागा कशी बघू?

प्रश्न (कोथरूड, पुणे): नमस्कार सर, माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र शिडाच्या बोटीतून आंबा-काजू मुंबईला न्यायचं म्हणतायत, युरोपातलं त्रेस ओम्ब्रेस हे बिनइंजिनाचं जहाज रम, कोको वाहतं ते बघून डोक्यात आलंय. दापोलीकडच्या आमच्या गावात जेटी नाही, नुसता उघडा किनारा. बोट बाहेर नांगरून होडीने पेट्या चढवायच्या. जागा बरी की वाईट कसं कळणार?

उत्तर: सगळे आधी खोली विचारतात. खोलीचं नंतर बघू, भाच्याला म्हणावं आधी चार-पाच पहाटे किनाऱ्यावर बसून लाटा बघ. बाहेरची बोट लाट झेलते हो, मार खाते ती होडी, कारण फुटणाऱ्या लाटेतून तिलाच जायचं असतं. मद्रासला बंदर नव्हतं तेव्हा जहाजं अशीच बाहेर उभी असायची आणि माल मसुला होड्यांतून जायचा, त्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या, म्हणजे आपटली तर लवेल पण फुटणार नाही.

आता आंब्याची गोची अशी की तो एप्रिल-मेमध्ये येतो आणि तेव्हाच दुपारचा वायव्येचा वारा जोरात असतो, शिवाय पार दक्षिण महासागरातून आलेली लांब लाट वारा नसतानाही किनाऱ्यावर फुटते (इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघायची सवय लावा). पहाटे मतलई वारा, समुद्र गप्प, दहा-अकराला खारा वारा सुटला की खेळ संपला. होडीच्या एका फेरीला पाऊण तास धरला तर साडेपाच ते दहा सहा फेऱ्या, त्यात किती पेट्या बसतात तेवढाच तुमचा धंदा.

आणि इंजिन नाही हे विसरू नका. खारा वारा बोटीला किनाऱ्याकडेच ढकलणार, नांगर घसरला तर मागे वाळू नाहीतर खडक. म्हणून मतलई वाऱ्यावरच शीड चढवून बाहेर पडायचं, आणि उशीर झालाच तर वाऱ्याला तिरकं धरून डावीकडे किंवा उजवीकडे सुटायला मोकळं पाणी आहे का ते आधीच बघून ठेवायचं. उत्तरेला डोंगराचं टोक असेल तर वायव्येचा वारा अडतो, पण लाट टोकाला वळसा घालून आत येतेच. मग वारा एकीकडून, लाट दुसरीकडून, बोट आडवी होऊन अशी डोलते की वर घेतलेली पेटी कुणाच्या तरी टाळक्यात बसणार. त्यावर मागूनही एक नांगर टाकून नाळ (बोटीचं पुढचं टोक) लाटेकडे धरतात.

तळ बघायची युक्ती जुनीच. हर्णैला एका तांडेलाने (बोटीच्या म्होरक्याने) दाखवली होती मला, शिशाच्या ओळंब्याच्या बुडाला खळगा, त्यात कपड्याचा साबण दाबून भरलेला. खाली टेकवून वर काढला तर साबणाला करडा चिखल आणि शिंपल्याची चुरी चिकटलेली. चिखल किंवा घट्ट वाळू आली तर नांगर धरतो. साबण कोरा येऊन त्यावर नुसते ओरखडे असले की खाली कातळ, तिथे नांगर एकतर धरत नाही नाहीतर असा अडकतो की सुटत नाही. दहा-बारा ठिकाणी टाकून बघा, एकावर भागत नाही.

साखळीचा हिशोब: ओहोटीला ८ मीटर पाणी, भरतीचे ३, नाळेची उंची २, झाले १३, त्याच्या पाचपट म्हणजे ६५ मीटर तरी सोडायची. वर बोटीची लांबी २५ धरा. म्हणजे चहूबाजूंनी ९० मीटर मोकळं हवं, कोळ्यांची जाळी असतील तर त्यांना आधी विचारा, नंतर भांडण नको.

प्रश्न (सिंहगड रोड, पुणे): उधाणाच्या दिवशी पाणी जास्त, मग तेव्हाच लोडिंग सोपं ना?

उत्तर: उलट. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जेवढं चढतं तेवढंच खाली उतरतं, प्रवाहही जोरात, होडी सरळ बोटीला लागत नाही आणि ओहोटीला पेट्या डोक्यावर घेऊन ओल्या वाळूतून लांब चालत जावं लागतं. अष्टमीच्या आसपास, भांगाला या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा.