‘यंत्र म्हणतं, माझा मेंदू ८० वर्षांचा’

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक एकाच यंत्राभोवती फिरतात: निन्टेंडो डीएस हा पुस्तकासारखा उघडणारा दोन पडद्यांचा हातात मावणारा खेळ, आणि त्यात घालायचं ‘ब्रेन ट्रेनिंग’चं छोटं गेम कार्ड. छोट्या चाचण्या घेऊन हा खेळ तुमच्या ‘मेंदूचं वय’ सांगतो. अमेरिकेतून आलेल्या कार्डावर त्याचं नाव ‘ब्रेन एज’ असतं. जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठातले प्रा. र्‍यूता कावाशिमा यांच्या कामावर बेतलेला हा खेळ मे २००५ मध्ये जपानात आला आणि जगभर त्याच्या सुमारे १ कोटी ९० लाख प्रती खपल्या. परदेशातल्या मुलांच्या कपाटात पडून राहिलेली ही यंत्रं आता आईवडिलांसाठी इकडे येत आहेत. त्यासोबत प्रश्नही येणारच. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून ज्येष्ठांबरोबर काम करते, तेव्हा उत्तरं त्याच नजरेतून देते.

प्रश्न : मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. मुलाने न्यू जर्सीहून हे यंत्र आणलं. पहिल्याच दिवशी मेंदूचं वय ८० आलं आणि माझी झोप उडाली. मग रोज नेमाने खेळले, आता ४३ वर आले आहे. मेंदू खरंच तरुण झाला का? (नाशिक)

आधी त्या ८० बद्दल. या खेळाची मोजपट्टी २० ते ८० एवढीच आहे. ८० ही तिची शेवटची पायरी, त्याखाली ढकलायला यंत्राकडे जागाच नाही. पहिल्या दिवशी तिथे जाऊन बसणारे खूप असतात. त्या दिवशी यंत्राने काय मोजलं ते पाहा. प्लॅस्टिकची काडी कशी धरायची, आकडा केवढा काढायचा, पुढचं गणित कुठे उमटतं, हे सगळं तुम्हाला नवं होतं आणि घड्याळ मात्र चालू होतं. वीस सोप्या गणितांत प्रत्येक वेळी सेकंद-दीड सेकंद असाच गेला, तरी शेवटचा आकडा पार बिघडतो.

पुढच्या दिवसांत तुम्ही हा खेळ शिकलात. हे शिकणं खरं आहे, त्याचा आनंद जरूर माना. पण शिकलात ते हा खेळ खेळायला. पोळ्या लाटण्यात हात बसला म्हणून भाकरी थापता येतेच असं नाही. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या ११,४३० लोकांवर झालेला एक अभ्यास ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केल्यावर लोक त्या त्या व्यायामात तरबेज झाले, पण सराव न केलेल्या, अगदी जवळच्या चाचण्यांतही त्याचा फायदा दिसला नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८३२ लोकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगातही साधारण हेच निघालं. वेगाचा सराव केलेल्यांचा वेग वाढला, स्मरणाचा सराव केलेल्यांचं स्मरण सुधारलं, एकाचा लाभ दुसऱ्यात उतरला नाही.

दुसरी बाजूही सांगते. खुद्द तोहोकु विद्यापीठात २०१२ मध्ये ३२ ज्येष्ठांवर प्रयोग झाला. निम्म्यांना हा खेळ, निम्म्यांना टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ. रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून किमान पाच दिवस, चार आठवडे. हा खेळ खेळणाऱ्यांची नियोजनाची क्षमता आणि कामाचा वेग टेट्रिसवाल्यांपेक्षा अधिक सुधारला. पण माणसं थोडी आणि काळ लहान, त्यामुळे यावर मी मोठी इमारत बांधणार नाही. कावाशिमांचं मूळ निरीक्षण असं की मोठ्याने वाचताना आणि भराभर सोपी गणितं करताना मेंदूच्या पुढच्या भागातला रक्तप्रवाह वाढतो. तो वाढतो, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतं. पण वाढलेला रक्तप्रवाह म्हणजे वाढलेली ताकद, ही उडी वाचणाऱ्यांनी आणि जाहिरातींनी मारली.

खेळणं सोडू नका. वयाची चाचणी मात्र रोज करू नका, आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी पुरे. सकाळी चहानंतर ४३ येणाऱ्या माणसाला रात्री मालिका संपल्यावर ६० येऊ शकतात, आणि मग पुन्हा झोप उडते.

प्रश्न : रंग बोलायच्या चाचणीत मी कितीही वेळा ‘ब्लू’ म्हणालो तरी यंत्र ढिम्म. शिवाय मी १४ लिहिलं की भलतंच काही उमटतं. यंत्र बिघडलं आहे का? (कोल्हापूर)

बिघडलेलं नाही, त्याला तुमची भाषा कळत नाही एवढंच. ती चाचणी जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९३५ च्या प्रयोगावरून घेतलेली आहे. पडद्यावर ‘लाल’ हा शब्द निळ्या अक्षरांत येतो आणि आपण शब्द न वाचता रंग सांगायचा असतो. आवाज ओळखण्यात हे यंत्र कच्चं आहे. त्याच्या ‘ब्लू’ने इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनाही जेरीस आणलं होतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. पंखा बंद करा (माइकला त्याचा घरघराट बोलण्याइतकाच मोठा वाटतो), यंत्र तोंडापासून वीतभर लांब धरा, आणि शब्द न ओढता, न ओरडता तोडून म्हणा. तरीही जमलं नाही तर चाचणीच्या सुरुवातीला ‘आत्ता बोलता येईल का’ असं यंत्र विचारतं, तिथे ‘नाही’ निवडा. मग ते न बोलता करायच्या चाचण्या देतं.

१४ चं कोडं मला पत्रासोबतच्या कागदावरून सुटलं. तुम्ही घाईत देवनागरी आकडे काढता! यंत्राला फक्त इंग्रजी आकडे येतात. आपला १ त्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठसारखा. म्हणजे उत्तर बरोबर, वाचणारा अडाणी. मराठी शाळेत शिकलेल्या आणि आयुष्यभर वही मराठीत लिहिलेल्या कित्येकांचं असंच होतं, कारण वेग वाढला की हात जुन्या वळणावर जातो. आठवडाभर वेळ न लावता कागदावर इंग्रजी आकडे गिरवा. आणि काडी टेकवाल त्याच्या बाजूला रेघ उमटत असेल, तर गेम न लावता यंत्र सुरू करून सेटिंगमध्ये टच स्क्रीन पुन्हा जुळवून घ्या. काडी हरवली म्हणून बॉलपेन वापरू नका, पडदा जाईल.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, मी ४६. त्यांच्या मेंदूचं वय ३४ आलं, माझं ५८. घरात माझी चेष्टा चालली आहे. (डोंबिवली)

चालू द्या. वडिलांच्या पिढीने पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकलेली असते. ‘आठ साते’ पाहिल्यावर ते गुणाकार करतच नाहीत, छप्पन्न तोंडात तयार असतं. तुम्ही कॅल्क्युलेटरच्या काळातल्या, तुम्हाला क्षणभर विचार करावा लागतो आणि तोच क्षण मोजला जातो. वयाची परीक्षा दरवेळी तीन चाचण्यांवर होते, त्यामुळे वाट्याला काय आलं यावरही बरंच ठरतं. एकदा दोघांनी इंग्रजी शब्द पाठ करण्याची चाचणी करून पाहा; दोन मिनिटांत तीस शब्द. तिथे पारडं फिरायची शक्यता आहे. यंत्रात चार जणांची नोंद वेगवेगळी ठेवता येते. एकमेकांच्या नावावर खेळू नका, नाहीतर आलेखाला काही अर्थ राहत नाही.

प्रश्न : अमेरिकेतून आलेल्या डीएस लाइटचा चार्जर इथे पिन बदलून लावला तर चालेल ना? (रत्नागिरी)

नाही! चार्जरवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचा. अमेरिकेतल्या मूळ चार्जरवर इनपुट १२० व्होल्ट असतं, जपानी चार्जर १०० व्होल्टचा. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. पिन बदलल्याने व्होल्टेज बदलत नाही, चार्जर जळतो. ‘१०० ते २४०’ लिहिलं असेल तरच लावा. नाहीतर या यंत्रासाठीची यूएसबी केबल मिळते, ती मोबाइलच्या साध्या चार्जरला जोडा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या यंत्राची बॅटरीही आधी पाहून घ्या. मागे एका स्क्रूचं झाकण आहे. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज न करता बदला. आणि घड्याळ-तारीख लावून घ्या, रोज खेळल्याचा शिक्का त्यावरच पडतो.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. गेले सहा महिने तीच गोष्ट चारदा विचारते, गॅस चालू राहतो, परवा भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले. भाऊ म्हणतो, डॉक्टरकडे नेलं तर ती धसका घेईल. त्यापेक्षा हे यंत्र देऊ आणि मेंदूचं वय बघत राहू. (पुणे)

भावाची काळजी समजते, पण हे करू नका. या पत्रापुरतं तरी यंत्र कपाटात ठेवा.

कारण इथला आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. बँकेत हयात गेलेल्या माणसाचं स्मरण ढासळायला लागलं असतानाही बेरजा झपाझप होत राहतात; यंत्र ४० दाखवतं आणि घरचे निर्धास्त होतात. उलट मोतीबिंदू असलेली, कधी स्क्रीनला हात न लावलेली बाई पूर्ण शाबूत असून ८० वर अडकते आणि खचते. आईला काय झालं आहे हे दोन्ही वेळा कळत नाही.

डॉक्टरांकडे जायचं ते सर्वात वाईट नाव ऐकायला नव्हे. विसराळूपणाची काही कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत विशेष), थायरॉईड, रक्तातलं सोडियम, साखर आणि बीपी, नैराश्य. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्याही. घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत भरून न्या. ऐकू कमी येतं का तेही तपासा. ज्याने प्रश्नाचं उत्तर ऐकलंच नाही, तो पुन्हा विचारणारच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा कमी करता येण्यासारखी १४ कारणं मांडली. ती सगळी जगातून काढून टाकता आली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत कमी ऐकू येणं, उपचार न केलेली अधू नजर, बीपी, मधुमेह, बैठं आयुष्य, एकटेपणा अशी मंडळी आहेत. श्रवणयंत्र लावायला लाजणारी आणि ब्रेन गेम मागवणारी घरं मी पाहते, तेव्हा मला खरोखर चिडायला होतं.

अपॉइंटमेंट आजच घ्या आणि तोवर वहीत तारखेसह घटना लिहा. ‘विसरते’ असं मोघम नको. तिला जे डोळे मिटून जमायचं, त्यात काय बदललं ते लिहा: भिशीचा हिशेब, संकष्टी कधी आहे, पुरणाला डाळ किती, रोजच्या देवळाचा रस्ता. डॉक्टरांना या चार ओळी यंत्राच्या आलेखापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. स्मरणाची तपासणी मराठीतून करा असा आग्रह धरा. आईला ‘तुझी तपासणी’ म्हणण्याऐवजी ‘सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या करून घेऊ’ म्हणून न्या, भावानेही करून घ्याव्यात. आणि गॅसला टायमरचा कॉक या आठवड्यात बसवा.

प्रश्न : वडिलांची उजवी बाजू पॅरालिसिसने गेली आहे, बोलणंही अडखळतं. डाव्या हाताने हा खेळ खेळता येईल? (छत्रपती संभाजीनगर)

येईल. सुरुवातीलाच डावखुऱ्यांचा पर्याय निवडा, म्हणजे लिहायचा पडदा डाव्या बाजूला येतो. यंत्र सरकू नये म्हणून ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीची रबरी मॅट खाली घाला. बोलायच्या चाचण्या वगळा. शब्द न सापडण्याचा त्रास आधीच असताना घड्याळ लावून तो वाढवण्यात अर्थ नाही. वीस गणितांपासून सुरू करा, ती कितीही वेळ लावून पुरी करता येतात.

एक अट आहे. सगळं डावा हातच करू लागला तर उजवा आणखी आळसावतो. उजवा हात टेबलावर घ्या, बोटं उघडून यंत्राच्या कडेवर ठेवा. धरून ठेवण्याचं काम त्याचं, भले तुमचा हात त्यावर असो. मेंदूचं वय झाकून ठेवा. वाचक मित्रांपैकी कोणाच्या घरी डावी बाजू गेलेला रुग्ण असेल तर वेगळी काळजी लागते. अशा रुग्णांपैकी काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डावा पडदा त्यांच्यासाठी नसल्यासारखाच असतो, आणि घरच्यांना वाटतं खेळ समजला नाही.

प्रश्न : आठ वर्षांच्या नातवाला चार रंगांचे दिवे लागणारं आणि सूर वाजवणारं खेळणं घेतलं. स्कॉलरशिपला याचा उपयोग होईल का? (सोलापूर)

मार्कांसाठी नाही. त्या खेळाचं मूळ अमेरिकेत १९७८ मध्ये आलेलं ‘सायमन’. ते घडवणाऱ्यांत राल्फ बेअर होते, टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम ज्यांनी पहिल्यांदा बनवला तेच. दिव्यांचा क्रम लक्षात ठेवून तसाच दाबायचा, दर फेरीला एक दिवा वाढतो. आवाज बंद करून खेळायला सांगा, नातवाची धाव बहुधा निम्म्यावर येईल, कारण मुलं रंगांपेक्षा सूर लक्षात ठेवतात. आळीपाळीने खेळताना तुमचीही गंमत होईल, त्याने गणिताचा पेपर सोपा होणार नाही.

बाजारातल्या स्वस्त नकलांत बटणासारखे चपटे सेल असतात. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं परत करा. असा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवत किंवा वाट पाहत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि सेलचं पाकीट सोबत न्या.